क्लब चेअर घेताय? आधी स्वतःचं माप घ्या

क्लब चेअर ही मुळात तासन्‌तास बसण्यासाठी घडलेली खुर्ची आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या सभासदांच्या क्लबांत लोक संध्याकाळभर वाचत, गप्पा मारत बसायचे. त्यांच्यासाठी ही बुटकी, रुंद, जाड हातांची, सगळीकडून मढवलेली खुर्ची रूढ झाली. पुढे १९२० आणि १९३० च्या दशकांत फ्रान्समध्ये तिला गोल हात आणि चामड्याचं आवरण मिळालं. आज फोटोंमध्ये दिसतात त्या बहुतेक क्लब चेअर याच वळणाच्या असतात.

अशी खुर्ची बहुतेक जण निवडतात मात्र अर्ध्या मिनिटात. बसतात, ‘किती मऊ आहे!’ म्हणतात आणि ऑर्डर देतात. मऊपणा लगेच जाणवतो, पण आराम कळायला वेळ लागतो आणि तो मऊपणापेक्षा मापावर जास्त अवलंबून असतो. माझ्या घरासाठी मी ही निवड केली, शिवाय एक जुनी खुर्ची पूर्ण उघडून नव्याने मढवून घेतली. त्या सगळ्यात जे समजलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. घाई नसेल तर याच क्रमाने जा. पहिल्या दोन-तीन पायऱ्या घरीच करायच्या आहेत आणि त्या टाळल्या की पुढचं सगळं चुकत जातं.

हाताशी काय हवं

- मापाची टेप, शक्यतो लोखंडी आणि कापडी दोन्ही
- वही-पेन
- जमिनीवर आकार आखायला जुनी वर्तमानपत्रं किंवा कागदी चिकटपट्टी
- मोबाईलचा टॉर्च, खुर्चीच्या पोटात डोकवायला
- वाचायला एक पुस्तक (कशाला, ते आठव्या पायरीत)

१. खुर्चीत बसून काय करणार, ते आधी ठरवा

‘बसणार’ एवढं उत्तर पुरत नाही. वाचायला बसणाऱ्याला खुर्चीचे हात योग्य उंचीवर हवेत, नाहीतर पुस्तक धरून खांदे भरून येतात. टीव्ही पाहणारा थोडा मागे रेलतो, त्याला पाठीचा उतार जास्त चालतो. पाहुण्यांशी बोलताना आपण पुढे सरकून बसतो, तेव्हा फार खोल बैठक अडचणीची होते. खुर्चीत डुलकी काढायची सवय असेल तर एक गोष्ट आत्ताच लक्षात घ्या: ठरावीक घाटाच्या क्लब चेअरची पाठ खांद्यांपर्यंतच येते. डोक्याला आधार मिळत नाही. मान टेकवायची असेल, तर याच बांध्याची पण उंच पाठीची खुर्ची पाहा. वेगळी उशी लावून ही उणीव नीट भरून निघत नाही, उशी घसरत राहते.

घरात ती खुर्ची नेमकी कोण वापरणार, हेही ठरवा. ‘सगळेच’ असं उत्तर आलं, तर सर्वांत जास्त वेळ जो बसेल त्याचं माप धरा. वयस्कर माणूस बसणार असेल तर त्याची सोय सर्वांत आधी, कारण बाकीचे थोडंफार जुळवून घेऊ शकतात.

२. स्वतःची तीन मापं घ्या

साध्या, कडक बैठकीच्या खुर्चीवर ताठ बसा, पाय जमिनीवर सपाट ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी मापं घ्यायला सांगा. स्वतःचं स्वतः घेताना वाकावं लागतं आणि माप बदलतं.

पहिलं माप जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत. ही तुमची बैठकीची उंची. बाजारातल्या क्लब चेअरची बैठक बहुधा ४० ते ४५ सेंटीमीटर उंचीवर असते. पण कागदावर लिहिलेली उंची रिकाम्या खुर्चीची असते, हे विसरू नका. माणूस बसला की मऊ बैठक चार-पाच सेंटीमीटर सहज दबते. तुम्हाला लागते ती दबल्यानंतरची उंची. बैठक फार खाली गेली तर गुडघे कमरेच्या वर येतात, सगळा भार माकडहाडावर पडतो आणि उठताना मांड्यांवर जोर येतो. फार उंच राहिली तर पाय लोंबकळतात आणि कड मांडीखाली रुतून मुंग्या येतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी आणि वयस्करांसाठी ४५ ते ५० सेंटीमीटरची, जरा कडक बैठक बरी.

दुसरं माप पाठ टेकवलेल्या जागेपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत. यातून सुमारे पाच सेंटीमीटर वजा करा, म्हणजे तुम्हाला चालेल ती बैठकीची खोली मिळाली. माझ्या मते तिन्हींत हे माप सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. खोल बैठक फोटोत फार ऐसपैस दिसते. प्रत्यक्षात, कमी उंचीच्या माणसाने तिच्यात पाठ टेकवली तर पाय सरळ पुढे निघतात, आणि पाय टेकवले तर पाठ अधांतरी राहते. मग माणूस कमरेत वाकून घसरत जातो आणि अर्ध्या तासात कंबर धरते. साधारणपणे खोली ५० ते ५८ सेंटीमीटरच्या दरम्यान असते. तुमचं माप कमी असेल, तर पाठीला सुटी उशी असलेली खुर्ची शोधा. उशी बारीक-जाड करून खोली कमी-जास्त करता येते.

तिसरं माप बैठकीपासून कोपरापर्यंत, खांदे सैल सोडून आणि कोपर काटकोनात ठेवून. बहुतेकांचं १८ ते २५ सेंटीमीटर येतं. खुर्चीचे हात दबलेल्या बैठकीपासून इतकेच उंच हवेत. क्लब चेअरचे हात जाड आणि बरेचदा उंच असतात, त्यामुळे इथे जुळलं नाही तर खांदे सतत वर उचललेले राहतात. दिवसभर संगणकावर काम करून आलेल्याला हे लगेच जाणवेल.

बैठकीची रुंदी, म्हणजे दोन हातांच्या आतलं अंतर, ५० ते ५५ सेंटीमीटर असलं की बहुतेकांना पुरतं. पाय वर घेऊन, मांडी घालून बसायची सवय असेल तर जास्त लागेल. तसं बसून बघूनच ठरवा.

३. जागा आणि आत येण्याची वाट

एकूण रुंदी ७५ ते ९५ सेंटीमीटर आणि बाहेरून खोली जवळपास तितकीच, असं गृहीत धरून वर्तमानपत्रं जमिनीवर पसरा. दोन दिवस तशीच राहू द्या. येता-जाता त्यांवर पाय पडत असेल, तर खुर्चीलाही धडकाल. चालायच्या वाटेला किमान ७५ सेंटीमीटर मोकळे ठेवा. समोर टेबल असेल तर मधे ४० ते ४५ सेंटीमीटर, म्हणजे हातही पोहोचतो आणि गुडघेही अडत नाहीत. बाजूचं छोटं टेबल खुर्चीच्या हाताच्या उंचीच्या आसपास असावं.

खुर्ची थेट उन्हात ठेवू नका. चामडं कोरडं पडून तडकतं आणि कापडाचा रंग उडतो, तोही एकाच बाजूने.

आता वाट. घराचं दार, आतल्या खोलीचं दार, जिन्याचं वळण, लिफ्ट, सगळ्यांची मोकळी रुंदी मोजा. दाराची चौकट नव्हे, दार उघडल्यावर उरणारी जागा. कडीचा दांडा बाहेर येत असेल तर तोही धरा. क्लब चेअरचे हात सुटे होत नाहीत, त्यामुळे सोफ्यापेक्षा लहान असूनही ती अडकते. खुर्ची आडवी करून, पाठ पुढे घालून वळवत आत घेतात. म्हणून विक्रेत्याकडून उंची, रुंदी, खोली आणि पाय काढून उरणारी उंची अशी चारही मापं मागा. पाय स्क्रूने निघणारे असतील तर दहा-पंधरा सेंटीमीटर वाचतात आणि अनेकदा तेवढ्यावरच काम होतं.

४. सांगाडा तपासा

मढवलेल्या खुर्चीत सांगाडा दिसत नाही, आणि नेमकी तिथेच काटकसर होते. चांगला सांगाडा भट्टीत वाळवलेल्या कठीण लाकडाचा किंवा बऱ्याच थरांच्या जाड प्लायवूडचा असतो. ओलं लाकूड नंतर सुकून आखडतं आणि सांधे कुरकुरू लागतात. भुशाच्या दाबलेल्या पाट्या, म्हणजे पार्टिकल बोर्ड, सांगाड्यात नकोत. त्यांत स्क्रूची पकड हळूहळू ढिली होते आणि एकदा सुटली की पुन्हा बसत नाही.

सांध्यांत लाकडी खुंट्या, किंवा एका लाकडातल्या खाचेत दुसऱ्याचं टोक बसवलेलं असावं, वर सरस (लाकूडकामाचा गोंद) लावलेला. कोपऱ्यांत आतून तिरके ठोकळे सरस आणि स्क्रूने पक्के केलेले असावेत. नुसत्या स्टेपलच्या पिनांवर उभी असलेली खुर्ची घेऊ नका.

हे न उघडता कसं कळणार? पुढचा एक पाय हाताने थोडा उचला. दुसरा पुढचा पाय जवळजवळ लगेच सोबत उठला पाहिजे. तो जमिनीलाच चिकटून राहिला तर सांगाडा पिळतो आहे. मग खुर्चीचे दोन्ही हात धरून बाहेरच्या बाजूला ढकला. हलता कामा नयेत, आवाज तर अजिबात नको. हातांवर भार देऊन उभे राहा, कारण आयुष्यभर तुम्ही याच पद्धतीने उठणार आहात. खुर्ची उलटी करायला सांगा आणि खालच्या काळ्या पातळ कापडातून टॉर्च मारा, ते कोपऱ्यात सुटं असेल तर आत डोकवा. चांगलं काम करणारा कारागीर हे दाखवायला आनंदाने तयार होतो. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.

५. बैठकीखाली काय आहे?

तीन प्रकार भेटतात. गुंडाळीच्या स्प्रिंगा, ज्यांतली प्रत्येक स्प्रिंग दोरीने आठ दिशांना बांधतात. नागमोडी तारेच्या झिगझॅग स्प्रिंगा. आणि ताणलेले लवचिक पट्टे. पहिला प्रकार सर्वांत महाग आणि वेळखाऊ, हाताने केलेला असेल तर बैठक सगळीकडे सारखी आणि शांत दबते. पण नावावर भाळू नका. घाईत बांधलेल्या आठ दोऱ्यांपेक्षा जाड तारेच्या, जवळ-जवळ लावलेल्या झिगझॅग स्प्रिंगा केव्हाही बऱ्या. पट्टे मात्र दोन्ही दिशांनी एकमेकांत विणलेले हवेत.

बैठकीची उशी निघत असेल तर ती काढून खाली तळव्याने दाबत जा, मध्यभागी, मागे आणि पुढच्या कडेला. कुठे खड्डा, कुठे टणक दांडा लागत असेल तर तो वर बसल्यावरही लागणारच, आज नाही तर फोम थोडा दबल्यावर.

६. फोम: घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन, किलोमध्ये. कडकपणा म्हणजे तो दाबायला किती जोर लागतो. जास्त घनतेचा फोम मऊ असू शकतो आणि कमी घनतेचा कडक. घनतेवरून फोम किती टिकेल ते कळतं, कडकपणावरून तो कसा वाटेल ते. ‘कडक आहे म्हणजे टिकाऊ आहे’ असं कुणी सांगितलं तर घनतेचा आकडा मागा.

रोजच्या वापराच्या बैठकीला ३५ किलोच्या वरचा फोम हवा, ४० च्या आसपास असेल तर उत्तम. ३० च्या खालचा फोम बैठकीत लवकर बसतो, पाठीला मात्र तो चालतो कारण तिथे भार कमी. ‘एचआर’ म्हणून मिळणारा फोम दाबून सोडल्यावर पटकन पूर्ववत होतो, बैठकीसाठी तो घ्यावा.

काही खुर्च्यांत फोमभोवती पिसांचं किंवा बारीक तंतूंचं आवरण असतं. बसायला अत्यंत सुखद, पण उशी रोज थोपटून फुगवावी लागते, नाहीतर चपटी आणि सुरकुतलेली दिसते. नीटनेटकं दिसलेलं आवडत असेल आणि रोज थोपटणं होणार नसेल, तर साधा फोम आणि वर पातळ मऊ थर एवढंच पुरे.

७. कापड की चामडं

क्लब चेअर म्हटलं की चामडं डोळ्यासमोर येतं, आणि चांगलं चामडं वापराने सुंदर होत जातं हे खरंच आहे. फक्त ‘लेदर’ या एका शब्दाखाली काय काय विकलं जातं ते माहीत असू द्या. ‘फुल ग्रेन’ म्हणजे सर्वांत वरचा, न घासलेला थर. त्यावर जनावराच्या अंगावरचे ओरखडे, सुरकुत्या दिसतात आणि तो सर्वांत मजबूत असतो. ‘टॉप ग्रेन’ थोडा घासून एकसारखा केलेला. ‘स्प्लिट’ हा खालचा थर, कमजोर. त्यावर कृत्रिम पृष्ठभाग चढवतात. बऱ्याच खुर्च्यांत बसायच्या जागी वरचा थर आणि बाजूंना, मागे स्प्लिट किंवा कृत्रिम चामडं असतं. त्यात गैर काही नाही, पण ते तुम्हाला सांगितलेलं असावं आणि किमतीतही दिसावं.

‘बॉन्डेड लेदर’ मात्र टाळाच. चामड्याचा चुरा चिकटवून केलेला तो पत्रा असतो, वर पातळ प्लास्टिकचा थर. काही वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात आणि त्यावर दुरुस्ती अशी काही नसते. पॉलियुरेथेनचा थर दिलेलं स्वस्त कृत्रिम चामडंही दमट हवेत असंच सुटतं, अगदी न वापरता ठेवलं तरी.

चामड्यावर संरक्षक थर आहे की नाही हे पाहायला नमुन्याच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब शोषला जाऊन काळपट डाग पडला तर ते उघडं चामडं. स्पर्शाला अप्रतिम, पण तेलकट डोकं, शाई, सांडलेलं पेय सगळं टिपून घेणारं. लहान मुलं असतील तर थर दिलेलं चामडं घ्या.

कापड घेत असाल तर ‘मार्टिनडेल’चा आकडा विचारा. ठरावीक दाबाखाली कापड घासून ते झिजेपर्यंत किती फेरे झाले, ते त्यात मोजतात. घरातल्या रोजच्या वापराला २०,००० ते २५,००० फेरे पुरेसे आहेत. लाखाचा आकडा असलेलं कापड चौपट वर्षं टिकतं असं नाही, डाग, ऊन आणि गोळे येणं या गोष्टी त्या चाचणीत येतच नाहीत. स्वच्छतेचं चिन्हही पाहा: ‘डब्ल्यू’ असेल तर पाण्याने पुसता येतं, ‘एस’ असेल तर फक्त ड्राय क्लीनिंगचा द्राव, ‘डब्ल्यूएस’ला दोन्ही चालतं, आणि ‘एक्स’ म्हणजे फक्त व्हॅक्यूम. मुलांच्या घरात ‘एक्स’चं कापड आणू नये. मांजर असेल तर सैल, फासे असलेली वीण नको, घट्ट सपाट वीण किंवा बारीक मखमल टिकते.

उशीच्या खोळीला चेन आहे म्हणून ती धुता येते असं समजू नका. ती चेन बहुतेक वेळा फोम भरण्यासाठी असते, आणि धुतलेली खोळ आटून पुन्हा चढत नाही.

नमुन्याचा तुकडा घरी आणा. दिवसा आणि रात्रीच्या दिव्यात पाहा, उघड्या हाताखाली ठेवून पाहा. त्वचेला टोचणारं कापड रोज टोचेल.

८. नीट बसून पाहा

निदान वीस मिनिटं बसा. पुस्तक याचसाठी. खिशातून पाकीट, मोबाईल काढून ठेवा, घरात जसे बसता तसे बसा आणि खरोखर चार पानं वाचा. लाजू नका. मग हे तपासा: पाठ पूर्ण टेकून पाय सपाट आहेत का? गुडघ्यामागे दोन-तीन बोटं शिरतात का? कमरेच्या खोलगट भागाला आधार मिळतो की तिथे पोकळी राहते? खांदे सैल आहेत का? पाठ किंचित मागे, १०० ते ११० अंशांच्या आसपास कललेली असली की बहुतेकांना बरं वाटतं.

शेवटी उठा. हातांवर एकदा जोर देऊन सहज उठता आलं पाहिजे. हिसका द्यावा लागला, किंवा आधी पुढे घसरत यावं लागलं, तर बैठक खोल तरी आहे किंवा फार खाली.

पायाखाली स्टूल घेणार असाल तर ते बैठकीपेक्षा दोन-चार सेंटीमीटर खाली असावं, आणि खुर्चीसोबतच बसून पाहा.

९. जुनी खुर्ची घेत असाल तर

चांगल्या सांगाड्याची जुनी खुर्ची कमकुवत सांगाड्याच्या नव्या खुर्चीपेक्षा मला केव्हाही जास्त प्रिय. कापड बदलता येतं, फोम बदलता येतो, पिळलेला सांगाडा नीट करणं महाग पडतं. चौथ्या पायरीतल्या सगळ्या चाचण्या करा. शिवणींत आणि खालच्या कापडाखाली ढेकणांचे काळे ठिपके शोधा, पायांपाशी लाकडाची बारीक पूड पडलेली दिसते का बघा. वास घ्या. कुबट वास आत मुरलेला असेल तर सगळं भरण काढल्याशिवाय जात नाही.

१९५० च्या आधीच्या, मूळ भरण असलेल्या खुर्चीत पॉलियुरेथेन फोम सापडणार नाही, घोड्याचे केस, काथ्या किंवा कापूस असेल. घोड्याचे केस कारागिराला फेकू देऊ नका, धुऊन, पिंजून ते पुन्हा वापरता येतात. नव्याने मढवायला साधारण सहा मीटर कापड लागतं, रेघांचं किंवा मोठ्या नक्षीचं असेल तर जुळवणीसाठी जास्त. ते सगळं एकदम घ्या. नंतर आणलेल्या तुकड्याचा रंग जुळेलच असं नाही.

१०. पैसे देण्याआधी हे कागदावर घ्या

- सांगाड्याचं लाकूड, बैठकीखालचा प्रकार, फोमची घनता
- कापडाचं किंवा चामड्याचं पूर्ण नाव आणि रंगाचा क्रमांक, सोबत नमुन्याचा तुकडा
- सगळी मापं, कमी-जास्त किती चालेल तेही
- हमी: सांगाडा, स्प्रिंगा, फोम आणि आवरण यांची वेगवेगळी
- परत करण्याची मुदत, आणि परत नेण्याचा खर्च कोणाचा
- दारातून आत गेली नाही तर काय

‘दहा वर्षांची हमी’ बहुधा सांगाड्यापुरती असते, फोमची त्यात नसते. ऑर्डर देऊन बनवून घेतलेली खुर्ची बरेच विक्रेते परत घेत नाहीत. ऑनलाइन घेत असाल तर निदान दुसऱ्या पायरीतल्या तीन मापांची लेखी खात्री आणि नमुन्याचा तुकडा मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

११. घरी आल्यावर

माल घेताना सही करण्याआधी वेष्टन काढा, उजेडात चारही बाजू पाहा, फोटो काढा. डाग किंवा ओरखडा असेल तर पावतीवरच लिहा.

नवा फोम पहिल्या काही आठवड्यांत थोडा मऊ होतो, तो दोष नाही. बैठकीची उशी सुटी असेल तर दर आठवड्याला उलटी करा. चामडं कोरड्या मऊ कापडाने पुसत राहा, वर्षातून दोनदा त्यासाठीचं क्रीम लावा. साबण आणि स्वयंपाकघरातलं तेल मात्र लावू नका. पाय स्क्रूचे असतील तर महिन्याभराने एकदा घट्ट करून घ्या. आणि परत करण्याच्या मुदतीत रोज तासभर तरी तिच्यात बसा. कंबर किंवा मान काही सांगत असेल, तर ते मुदत संपण्याआधी कळलेलं बरं.